विधवा, बेवा आणि विदुर सर

लातूरला आमच्या गल्लीत पत्ता विचारत येणारे पालक हमखास म्हणायचे, "इथं विदुर सर कुठं राहतात हो?" धर्माबादहून, जळकोटहून, कुठून कुठून पोराला सायकलसकट जीपच्या टपावर टाकून आलेली ही माणसं. गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर क्लासच्या पाट्या इतक्या की खांब दिसायचा नाही. त्या गर्दीत सरांची पाटी नव्हती. सरांची पाटी त्यांच्या दारावरच होती, एवढीशी, पत्र्याची. काळ्या रंगावर त्यांनी स्वतःच्या हातानं पांढरी अक्षरं काढली होती. आधी 'विधुर', मग त्यांचं नाव, खाली 'संस्कृत शिकवतात'. बायको गेली आणि दिवसकार्य उरकल्यावर सरांनी जुन्या पाटीवरचं 'श्री.' खरवडून काढलं आणि तिथं 'विधुर' लिहिलं. पालकांना वाटायचं रंगाऱ्याकडून अक्षर चुकलं. पोरांनी तर विदुर सर हेच नाव करून टाकलं, आणि सर त्याला ओ द्यायचे.

"सर, हे शोभतं का?" असं शेजारच्या वकिलांनी एकदा विचारलं होतं.

"बाईच्या नावाआधी गं. भा. लिहितात, ते शोभतंय ना?" सर म्हणाले. "तिचं दुःख जगाला कळतंय. माझं बी कळू द्या की."

वकील पुन्हा विचारायला आले नाहीत. सर मात्र भांडण जिंकल्यासारखे कधी दिसायचे नाहीत. पाटीवरून फडकं फिरवताना त्यांचा हात त्या पहिल्या शब्दावर थोडा रेंगाळायचा.

मी आणि आई त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहायचो. भूकंपात आमचं गाव गेलं. त्या पहाटे आम्ही दोघी मामाच्या गावी होतो म्हणून राहिलो. वडील आणि आजी गावात होते. सरांच्या बायको, आमच्या काकू, मामाच्याच गावच्या. पत्र्याच्या शेडमध्ये आमची काय गत झालीय हे त्यांनी बघितलं आणि आम्हाला उचलून लातूरला आणलं. "माझ्या मागच्या खोल्या रिकाम्याच हायत, आणि मला एकटीला पोळ्या लाटून कंटाळा आलाय," एवढंच आईला म्हणाल्या. पुढं क्लासला आलेल्या पोरींचे डबे आई करू लागली, तेही काकूंच्याच आग्रहानं.

शेडमधली एक गोष्ट आई क्वचित सांगायची. मदत वाटायला आलेला माणूस भोंग्यावरून ओरडत होता, "विधवा बायांनी डाव्या बाजूला यावं." बाया उठून डावीकडं जाऊ लागल्या. आई जागची हललीच नाही. तिला वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी बोलावतायत. शेजारच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं, "ऊठ की, तुला म्हनायलेत." तेव्हा तिला कळलं. वडलांचं प्रेत तिनं बघितलं होतं, त्यांना अग्नी दिला तोही डोळ्यांसमोर. तरी आपण आता कोण आहोत हे तिला त्या भोंग्यानं सांगितलं.

सरांचा वर्ग म्हणजे ओसरी. लातुरात तेव्हा मोठमोठे पत्र्याचे हॉल उभे राहत होते, एकेका बॅचला शंभर-दीडशे पोरं, मागच्यांना माईकवरून ऐकू यायचं. सरांच्या ओसरीवर मांडीला मांडी लावून बसलं तरी वीसेक मुलं मावायची. संस्कृतला मार्क पडतात म्हणून सगळी यायची. सरांना मात्र मार्कांपेक्षा शब्दांचा नाद. गाडीवाल्याकडून कोथिंबीर घेताना अर्धा तास त्याच्याशी, तो कोथिंबिरीला म्हणायचा त्या 'संभार' या शब्दावरून बोलत बसायचे; इकडं वर्ग खोळंबलेला. नवीन मुलगा आला की त्याचं नाव विचारायच्या आधी गावाच्या नावाचा अर्थ विचारायचे. हिमायतनगरच्या एका मुलीला "हिमायत म्हणजे पाठराखण. तुझ्या गावातच पाठराखण हाय, तू कशाला भितीस परीक्षेला?" असं म्हणून त्यांनी रडायची थांबवली होती.

भूकंपानंतर बरेच दिवस अख्खं लातूर अंगणात झोपत होतं. हळूहळू लोक घरात गेले. सर काही जाईनात. अंगणात बाज, उशाला जाडजूड शब्दकोश. "घर पडलं तर मी आणि कोश वाचलो पाहिजे," म्हणायचे. काकू आतून ओरडायच्या, "आणि मी?" सर म्हणायचे, "तुला किती वेळा म्हणलो बाहेर ये म्हणून. तूच घराला धरून बसलीस."

तो शब्द वर्गात आला तेव्हा मी नववीत होते. समास चालले होते. सरांनी फळ्यावर लिहिलं, विगतः धवः यस्याः सा विधवा. "जिचा धव, म्हणजे नवरा, गेला ती. बहुव्रीही. हे लिहून घ्या, पेपरात येतं." सगळ्यांनी लिहून घेतलं. मग सरांनी फळा पुसला आणि म्हणाले, "हे मार्कांसाठी झालं. आता खरं सांगतो."

पहिल्या रांगेतला मुलगा लगेच म्हणाला, "सर, मग पेपरात काय लिहायचं?"

"मार्कांचं."

"मग खरं कशाला सांगताव?"

"बाबा, पेपर तीन तासांत संपतो," सर म्हणाले. "त्याच्यानंतर काय बोलशील?"

आणि मग ते सांगत सुटले. विधवा हा शब्द लई जुना. इतका जुना की आपण इथं नव्हतो, तेव्हाचा. इराणात गेला, त्याचं घासून घासून बेवा झालं. पार विलायतेत गेला, तिथं विडो. जर्मनीत, रशियात, सगळीकडं थोडं थोडं तोंड बदललेली हीच बाई. आणि त्या मुळात वि अधिक धव असं काही नव्हतंच. आपल्या जुन्या पंडितांना विधवा शब्द दिसला, त्यात पुढं 'वि' दिसलं. त्यांना वाटलं, वि म्हणजे विना, मग उरलेला धव तो नवराच असणार. असा नवऱ्याला एक नवा शब्द मिळाला. "म्हणजे शब्दापुरतं बोलायचं तर आधी ती होती," सर म्हणाले. "धव तिच्यातून काढलाय."

वर्ग हसला. सरही हसले, आणि देगलूरकडच्या आपल्या आजीची गोष्ट सांगू लागले. आजी तेलुगू बोलायची आणि दिवसभर नातवांना 'वेधवा, वेधवा' करायची. वेधवा म्हणजे नालायक, गाढव. शब्द हाच, विधवाच. "नवरा मेला बाईचा आणि शिवी बसली पोरांना. तेवढा एकच न्याय झाला बघा."

ओसरीच्या पलीकडं स्वयंपाकघराच्या पायरीवर आई गवार मोडत बसली होती. वर्ग सुटला, चपला वाजत वाजत पोरं गेली, तरी तिची गवार संपलेली नव्हती. सर पाणी प्यायला आत आले तेव्हा ती मान वर न करता म्हणाली, "सर, एक विचारू का?"

"विचारा की बाई."

"तुमी पोरांना सांगताव तो शब्द. त्याचा खरा अर्थ काय म्हन्लाव? तुमी पुढं गेलाव हसण्यावारी, मला न्हाई कळलं."

सर तिच्या खालच्या पायरीवर बसले. त्यांच्या वयाचा माणूस, धोतर सावरत खालच्या पायरीवर बसला म्हणून आई अवघडून उठायला लागली. त्यांनी हातानंच बसा म्हणून सांगितलं.

"मुळात त्याचा अर्थ वेगळं होणं. दोन गोष्टी एकत्र होत्या, त्या तुटल्या, आणि एक मागं रिकामी राहिली. एवढंच. नवरा खाल्ला, पांढऱ्या पायाची, तोंड बघू नये, हे त्यात कुठंच न्हाई. ते सगळं लोकांनी नंतर भरलंय. शब्द बिचारा सरळ हाय. ताटातूट झालेली, एवढंच म्हणतो."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ताटातूट," ती म्हणाली. मग ती शेंग मोडली आणि म्हणाली, "हाव. तेच झालं."

ती उठून आत गेली. त्या दिवशी पोरींच्या डब्यातली गवार अळणी होती. एकही पोरगी बोलली नाही. काकूंनी आधीच सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं असणार.

काकू गेल्या त्या संक्रांतीच्या थोड्या आधी. ताप आला, फणफणून राहिला, दवाखान्यात नेलं, तिथून त्या जिवंत परत आल्या नाहीत. सर रडले नाहीत. नुसते घरभर काकूंच्या वस्तूंची नावं घेत फिरायचे, "हा तिचा पोळपाट... हा तिचा चिमटा..." जणू नावं विसरतील अशी भीती. कपाटात त्यांना स्टीलच्या वाट्या सापडल्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून काकूंनी दिवाळीतच आणून ठेवलेल्या. सर वाट्या घेऊन आमच्या खोलीपुढं उभे राहिले.

"हे काय करायचं, बाई?"

"ठेवा, सर. पुढं-मागं लागतील."

"न्हाई. तिनं बायांना द्यायला आणल्यात. मी वाटतो."

आईनं परोपरीनं सांगितलं की घरात नुकतं माणूस गेलंय, आणि हळदीकुंकू पुरुषानं कुणी केलेलं ऐकलं नाही. सर ऐकतील तर शपथ. त्यांनी गल्लीत घरोघर जाऊन आमंत्रण केलं, तेही काकू करायच्या तसं, दारात उभं राहून, "संध्याकाळी नक्की यायचं बरं का." कोपऱ्यावर शिवणकाम करणाऱ्या मुसलमान मावशी, आमच्या खाला, त्यांनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "सर, मैं तो बेवा. मेरेकू कोन बुलाते हळदीकुंकूकू?" सर म्हणाले, "बेवा आणि विधवा एकाच आईच्या लेकी हायत. या तुम्ही."

संध्याकाळी सवाष्णींपैकी कुणीच आलं नाही. खाला आल्या, त्यांच्यासोबत गल्लीच्या टोकाची एक म्हातारी आली, आणि घरातलीच माझी आई. सरांनी ओसरी झाडून घेतली होती. सतरंजी, तिळगुळाचं ताट, करंडा, गुलाबदाणीसुद्धा. तिघी भिंतीला पाठ लावून बसल्या. सर करंडा हातात घेऊन मधोमध उभे. आता पुढं काय करायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आयुष्यभर या कार्यक्रमाच्या वेळी ते घराबाहेर घालवले गेलेले.

"कुंकू... मी लावू, का तुम्हीच लावताव?"

आई म्हणाली, "नको सर. ते नको."

मला वाटलं आता सर तिला समजावतील, शब्दाचं मूळ काढतील. त्यांनी करंडा मुकाट्यानं खाली ठेवला. "बरं. न्हाई लावायचं," म्हणाले. "वाटी तर घ्या. वाटीला कुंकू लागत न्हाई." एकेकीच्या हातात त्यांनी वाटी दिली, तिळगूळ दिला. गुलाबपाणी शिंपडताना म्हातारीच्या डोळ्यांत गेलं आणि ती ओरडली, खालांना हसू फुटलं, मग आईला. आम्ही लातूरला आल्यापासून आई अशी पदर तोंडात धरून हसलेली मी पहिल्यांदा बघितली. "काकूंना सांगाया पायजे हे," ती म्हणाली, आणि सरांनी गुलाबदाणी करंड्याशेजारी ठेवून दिली.

आता माझ्या हळदीची गोष्ट. माझं लग्न ठरलं नांदेडला. हळद सरांच्याच अंगणात. सकाळची वेळ, मामाकडच्या बाया, माझ्या मैत्रिणी, अंगण भरून गेलेलं. मी पाटावर बसलेली. मामीनं हळदीची वाटी पुढं ठेवली आणि मोठ्यांदा म्हणाली, "सरांना बोलवा आधी. बापाच्या जागी हायत, पहिली हळद त्यांनी लावावी."

सर आले. स्वच्छ धोतर, खांद्यावर काकूंनी विणलेली शाल, ऊन असूनही. वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मामीला विचारलं, "पोरीची आई कुठाय?"

"त्या आत हायत. स्वयंपाकाचं बघायल्यात."

"त्या लावणार न्हाईत?"

मामी अवघडली. "सर, तुमाला माहीतच हाय की. त्यांना कसं..."

"मग मला कसं? मी पण तोच हाय. दारावर लिहून ठेवलंय."

"पुरुषाचं वेगळं असतंय, सर."

"कशानं?"

मामी वाटीतली हळद ढवळू लागली. सर वळले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. पाटावरून मला आतलं सगळं दिसत होतं. आई खाली बसून मटार सोलत होती. सर तिच्या समोर बसले आणि तिच्या सुपातल्या शेंगा घेऊन सोलायला लागले.

"सर, हे काय? पोरगी ताटकळून बसलीय. उठा."

"तुम्ही उठा, मग मी उठतो."

आईनं सूप बाजूला सरकवलं. इतकी वर्षं मी तिला सरांपुढं आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. "तुमाला काय हो!" ती म्हणाली. "तुमी पाटी लावली, लोक हसले आन् विसरले. उद्या माझ्या लेकीला नांदेडात काय कमी-जास्त झालं तर मला धरतील. म्हनतील, आईनं हात लावला व्हता. तुमाला कोन धरणार हाय?"

सरांच्या हातातली शेंग फुटून दाणे जमिनीवर घरंगळले. ते एकेक दाणा वेचत राहिले. 

"खरंय तुमचं," शेवटी म्हणाले. "मला कुणीच धरणार न्हाई. मी पाटीवर लिहिलं, सोसलं तुम्ही. माझं चुकलं, बाई. तुम्ही बसा. मीच जातो बाहेर, मामी म्हणत्यात तसं करतो."

पण ते उठले नाहीत. का, ते मला माहीत नाही. गुडघे दुखत असतील, किंवा लाज वाटली असेल. दोघंही काही वेळ खाली मान घालून मटार सोलत राहिली. बाहेर बाया कुजबुजत होत्या. ऊन माझ्या पाटावर आलं होतं, मामी वाटीवर ताट झाकत होती.

मग आई उठली. पदराला हात पुसले. सरांकडं तिनं बघितलं नाही. बायांच्या मधून वाट काढत आली, माझ्यापुढं गुडघ्यावर बसली आणि ताट काढून दोन्ही हात हळदीत बुडवले. तिनं आधी माझ्या पायांना लावली, मग हातांना, मग गालांना. तिच्या बोटांना मटाराचा ओला हिरवा वास येत होता. ती हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. नीट ऐकलं तेव्हा कळलं, वडलांना सांगत होती, "बगा, पोरगी केवडी झाली."

मामी तोंडाला पदर लावून उभी होती. आई उठायला लागली तेव्हा मामीनंच तिचा दंड धरला आणि म्हणाली, "वन्स, कपाळाला राहिली की. तेवढी लावा."

सर हळद लावायला बाहेर आलेच नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाले, मटार संपायचे होते.

मी नांदेडला गेले. आई तिथंच राहिली, डबे चालू राहिले. कोपऱ्यावर सहा मजली क्लासची इमारत उठली, तिच्या सावलीत सरांची ओसरी दुपारपासूनच अंधारी व्हायला लागली. संस्कृतच्या तयार नोट्स बाजारात मिळू लागल्या तशी ओसरीवरची पोरं कमी होत गेली. ज्यांना 'खरं' ऐकायचं असायचं, असली चार-दोन यायची.

एका उन्हाळ्यात सरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू यायचं, कळायचं सगळं, पण बोलायला गेले की तोंडातून भलतंच निघायचं किंवा काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, न येतील, सांगता येत नाही, बोलतं ठेवा. देगलूरहून पुतण्या आला, चार दिवस राहिला, काकांना गावी नेतो म्हणाला. सरांनी त्याच्याकडं बघितलं, जीव एकवटला आणि स्पष्ट म्हणाले, "वेधवा." झटक्यानंतर आलेला पहिला शब्द. पुतण्याला राग यायच्या आधी हसूच आलं. जाताना आईच्या पाया पडून गेला.

मग आईनं त्यांना शिकवायला घेतलं. तिनं शाळा जेमतेम पाहिलेली. पण रोज डबे गेले की ती सरांच्या बाजेजवळ बसायची आणि हातात येईल ती वस्तू उचलायची. "सर, हे काय? पळी. म्हना, पळी." सर ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा. "ऱ्हाऊ द्या. उद्या म्हना. हे काय? पाणी." कधी कधी ते चिडून तोंड फिरवायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. आई पदरानं ते पुसायची आणि पुढची वस्तू उचलायची. गल्लीत लोक काय बोलायचे ते बोलायचे. खाला येऊन बसायच्या आणि सरांना 'चा' म्हणायला शिकवायच्या. चहा लवकर आला. पाणी आलं. पळी काही आली नाही.

मी दिवाळीनंतर भेटायला गेले तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, अंगणात ऊन. आई आमच्याकडं पाठ करून पापड वाळत घालत होती. सर बाजेवर टेकून बसले होते, मी त्यांच्या पायाशी. ते आईकडं एकटक बघत होते. ओठ हलायला लागले. मला वाटलं पाणी पाहिजे, मी तांब्या उचलला, तर त्यांनी डाव्या हातानं तो बाजूला केला. पुन्हा ओठ जुळवले, मान ताठ झाली, गळ्याची शीर उठली.

"का... कालिं..." ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "कालिंदा."

माझ्या आईचं नाव. गावात ती धाकली सून होती, लातुरात डब्यावाल्या मावशी, माझ्यासाठी आई, सरांसाठी कायम बाई. तिची स्वतःची आई गेल्यापासून तिला त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. मला स्वतःला ते ऐकून क्षणभर कळलं नाही, कुणाला बोलावतायत.

आईचा हात पापडावर थांबला. ती लगेच वळली नाही. मग सावकाश मागं बघितलं, सरांकडं, आणि शाळेत हजेरी घेताना पोरी देतात तशी, स्वच्छ आवाजात तिनं ओ दिली.